जुळे सोलापुरातील गच्चीवरचा सौर संच : काम चोख, रांगांतील अंतर अपुरे

जुळे सोलापुरातील आमच्या घरावर एका स्थानिक एजन्सीकडून सहा पॅनेलचा, म्हणजे सव्वातीन किलोवॅटचा सौर संच बसवून घेतला. ‘पीएम सूर्यघर’ योजनेच्या ७८,००० रुपयांच्या अनुदानाची कागदपत्रे आणि नेट मीटरचा (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरचा) अर्ज एजन्सीने विनासायास मार्गी लावला; सांगाडा भक्कम आहे, अर्थिंगही नीट केलेले आहे. तक्रार आहे ती मांडणीची.

तीन-तीन पॅनेलच्या दोन रांगा दक्षिणेकडे तोंड करून १७ अंशांच्या उतारावर लावल्या आणि मध्ये जेमतेम दोन फूट जागा सोडली. ‘सोलापुरात ऊन डोक्यावरच असतंय, सावली कुठली पडतेय?’ असे उत्तर अंतराबद्दल विचारल्यावर एजन्सीकडून मिळाले. उन्हाळ्यापुरते ते खरे आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर इथला माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र तो भर दुपारीही क्षितिजापासून ४९ अंशांवर जात नाही आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास ३० अंशांवरच असतो. पुढच्या रांगेची मागची कड तिच्या खालच्या कडेपेक्षा सुमारे सव्वादोन फूट उंच असल्यामुळे त्या वेळी मागच्या पॅनेलच्या तळाशी चार-पाच इंचांची सावलीची पट्टी पडते.

एवढ्याशा पट्टीने काय बिघडते, असे वाटेल. पण पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असल्याने तळाची ओळ झाकली की तिच्याशी जोडलेला सगळा भाग अडतो. आमची पॅनेल हाफ-कट (अर्ध्या कापलेल्या सेलची, दोन अर्धे भाग वेगवेगळे चालणारी) आहेत आणि उभी लावली आहेत, त्यामुळे खालचा अर्धा भाग थंडावला तरी वरचा चालू राहायला हवा. तो लाभ पदरात पडला नाही, कारण सहाही पॅनेल एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकच प्रवाह वाहणाऱ्या साखळीत जोडली होती: इन्व्हर्टरला (पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणाऱ्या यंत्राला) एक तर मागची रांग सोडून द्यावी लागते, नाहीतर सगळ्या संचाचा प्रवाह निम्म्यावर आणावा लागतो, आणि दोन्ही प्रकारे तेवढ्या वेळची वीज जवळपास निम्मी होते. इन्व्हर्टरला दोन एमपीपीटी (जोडलेल्या पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारे स्वतंत्र इनपुट) असताना रांगा वेगवेगळ्या जोडल्या असत्या, तर घट पावभागावर थांबली असती. (उतार १० अंशांवर आणूनही सावली आखूड होते, पण आपल्याकडच्या धुळीत खालच्या कडेला गाळ जास्त साचतो.)

तक्रारीनंतर माणसे आली, मागची रांग सरकवून अंतर तीन फूट केले आणि आता साडेनऊची सावली स्लॅबवरच राहते. या कामाची मजुरी मात्र आमच्याकडूनच घेतली, ते पटले नाही. या एजन्सीकडे काम द्यायला हरकत नाही, फक्त स्लॅबला भोके पाडण्याआधी २१ डिसेंबरच्या सावलीचा आराखडा आणि कोणती रांग कोणत्या एमपीपीटीवर जाणार हे कागदावर लिहून घ्यावे.