राजे हातातच ठेवायचे : 2024 चे माझे गेम, महिनोन्‌महिने खेळल्यावर

रात्री साडेनऊला औषधाच्या दुकानाचं शटर खाली येतं. गल्ला मोजायचा, एच-वनच्या, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या, वहीतल्या नोंदी पुऱ्या करायच्या, फ्रिजमधल्या इन्सुलिनवर एकदा नजर टाकायची आणि वर घरी यायचं. जेवणं उरकली की दहा ते अकरा हा तास माझा. गेली कित्येक वर्षं तो तास मी गेमला देते आणि त्याबद्दल मला कधी अपराधी वाटलेलं नाही.

म्हणून माझी वर्षाची यादी डिसेंबरात होत नाही. डिसेंबरात सगळंच नवं आणि चकचकीत असतं. सहा-आठ महिने उलटल्यावर जो गेम लॅपटॉपवरून उडवावासा वाटत नाही, ज्याचा विषय जेवताना आपोआप निघतो, तो माझ्या वर्षाचा गेम. 2024 चे असे तीन निघाले. चौथा पाहुणा म्हणून आला, पण त्याचंही सांगते.

लॅपटॉप साधा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दुकानाचं बिलिंगही त्याच्यावरच चालतं. तेव्हा ज्यांना दांडगं मशीन लागतं ते त्या वर्षीचे मोठमोठे गेम इथे सापडणार नाहीत.

सुरुवात 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन'पासून. 18 जानेवारी 2024 ला आला, स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात यायला ऑगस्ट उजाडला, मी तेव्हा घेतला. प्रिन्स म्हटलं की माझ्या पिढीला कॉम्प्युटर क्लासमधला तो पांढऱ्या कपड्यांतला पोरगा आठवतो, धावता धावता एकदम खड्ड्यात, खाली खिळे. तो मूळ गेम 1989 चा. जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला धावायला-उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र गिरवलं, म्हणून त्या पोराची चाल इतकी खरी वाटायची. नव्या गेममध्ये मात्र आपण राजपुत्र नाही. आपण सार्गॉन, अमर म्हणवणाऱ्या योद्ध्यांच्या टोळीतला सगळ्यात तरुण. राजपुत्र घस्सानला पळवून काफ पर्वतावर नेलंय आणि त्या पर्वतावर काळच बिघडलाय.

हा भुलभुलैया पद्धतीचा गेम आहे. एका भल्या मोठ्या नकाशात फिरायचं, आज अडलेल्या दारापाशी नवं कसब मिळाल्यावर परत यायचं. दिवसाला एकच तास खेळणाऱ्या माणसाला असे गेम फार छळतात, कारण चार दिवसांनी परत बसलं की कुठलं दार, कुठली फट, काहीच आठवत नाही. या गेमने त्यावर इतका साधा तोडगा काढलाय की मी पहिल्यांदा वापरला तेव्हा हात जोडले. एक बटण दाबलं की समोरच्या जागेचा फोटो निघतो आणि तो नकाशावर त्याच ठिकाणी टाचणीने लावल्यासारखा बसतो. गणपतीत नऊ दिवस लॅपटॉप उघडला नव्हता. दहाव्या दिवशी नकाशा उघडला तर माझेच सात फोटो वाट बघत होते : हा कठडा उंच आहे, इथे भिंतीपलीकडे काहीतरी चमकतंय, या सापळ्यातून घसरून जाता येईल का. पाच मिनिटांत मी पुन्हा काफ पर्वतावर. हे फोटो सुरुवातीला मोजकेच काढता येतात, पुढे वाढतात. सगळ्या गेमवाल्यांनी ही युक्ती बिनदिक्कत उचलावी.

मारामारी छान आहे. शत्रू पिवळा चमकला की वार नेमक्या क्षणी अडवायचा, लाल चमकला की अडवायच्या भानगडीत न पडता बाजूला व्हायचं. पहिले पंधरा दिवस माझं काही जमेना. मग सेटिंगमध्ये वार अडवायला मिळणारा वेळ थोडा वाढवून घेतला. उड्यांच्या अवघड जागी थेट पलीकडे नेणारी वाटही चालू करता येते, तीही एकदा वापरली. गेम त्यासाठी टोमणा मारत नाही.

पण मनात घर केलं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे गोठलेला समुद्र. भर वादळात, ऐन लढाईत काळ थांबलाय. लाटा काचेसारख्या उभ्या, जहाजं मधोमध फुटलेली आणि फळ्या हवेत तशाच. त्या फळ्यांवरून आपण एकटे चालत जातो. त्या रात्री मी पुढे खेळलेच नाही, नुसती इकडून तिकडे फिरले.

दुसरी गोष्ट भाषा. गेममध्ये फारसी आवाज निवडता येतो. मी खाली इंग्रजी अक्षरं ठेवून सगळा गेम फारसीत ऐकला. तख्त, सरदार, जमीन, आवाज, हजार असे शब्द आपण दिवसभर बोलतो ते तिकडूनच तर आलेत. त्यामुळे अर्थ लागत नसला तरी कान परका राहत नाही, एखादा शब्द अचानक गर्दीतल्या ओळखीच्या चेहऱ्यासारखा वर येतो. गेममध्ये सोमवृक्षाचं उद्यान आहे. शांततेचा मनोरा आहे, आणि मलबार हिलवरची डुंगरवाडी, म्हणजे पारशांची अंत्यविधीची जागा, ज्यांनी निदान बाहेरून पाहिली आहे त्यांना तो नुसता किल्ल्याचा बुरूज वाटणार नाही.

कमी काय? शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात कथा घाईत आहे, आणि उरलेसुरले खजिने गोळा करताना येरझाऱ्या फार होतात. एवढ्या चांगल्या गेमचा दुसरा भाग यायला हवा होता, पण हा गेम करणारा चमू विखुरला आणि दुसऱ्या कामांना लावला गेला ही बातमी ऑक्टोबर 2024 मध्येच आली. मला त्याचं खरंच वाईट वाटलं.

'अ‍ॅनिमल वेल' माझ्यापेक्षा माझ्या मुलीचा जास्त. 9 मे 2024 ला आलेला हा गेम बिली बासो या एकट्या माणसाने सात वर्षं खपून केला, त्यामागचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारं सॉफ्टवेअरसुद्धा स्वतःच लिहिलं. आकार पस्तीस एमबीच्या आत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येणारे लग्नाचे व्हिडिओ त्याहून जड असतात.

अंधारी विहीर, त्यात आपण म्हणजे एक छोटासा लिबलिबीत गोळा. एक शब्द नाही, कुणी काही समजावत नाही. हातात तलवार नाही, खेळणी आहेत : साबणाचे फुगे करायची कांडी, यो-यो, फेकायची तबकडी, बासरी. फुगा सोडायचा आणि तो खाली यायच्या आत त्यावर उडी मारून वर जायचं. हे कळायला आम्हाला अर्धा तास लागला. तबकडीवर स्वार होता येतं हे मुलीने चौथ्या दिवशी शोधलं, आणि ती ओरडली तेव्हा बाहेरच्या खोलीतून आबा उठून बघायला आले. फटाका पेटवला की भुतं पळतात, हे दिवाळीच्या सुट्टीत कळलं हा योगायोग. गेम साठवायला भिंतीवरचा जुना टेलिफोन उचलावा लागतो. अकरा वर्षांच्या मुलीला रिसीव्हर म्हणजे काय हे त्या निमित्ताने सांगितलं.

विहिरीत 64 अंडी लपवलेली आहेत. मुलीने चौकटीच्या वहीत नकाशा काढलाय, प्रत्येक खोलीचा एक चौकोन, शंका असेल तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह. आमची एकोणपन्नास झाली आहेत. नेटवर उत्तरं शोधायची नाहीत असं तिनेच ठरवलंय, आणि मी पाळते. चेकपॉइंट, म्हणजे चुकल्यावर जिथून परत सुरू होतं त्या जागा, मात्र लांब लांब आहेत, एक चूक झाली की बरंच परत चालावं लागतं. लहान मुलं त्यावर रडकुंडीला येतात, तेव्हा शेजारी बसा.

पाहुणा म्हणजे 'अ‍ॅस्ट्रो बॉट'. 6 सप्टेंबर 2024 ला फक्त प्लेस्टेशन 5 वर आला आणि डिसेंबरात गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला. भाच्याकडे दिवाळीत चार दिवस खेळले. पावसात चालताना कंट्रोलरच्या आत थेंब टपटपतात, हाताला प्रत्येक थेंब वेगळा लागतो. सुंदर आहे. पण महिनोन्‌महिने सोबत राहिला असं म्हणणं खोटं ठरेल, म्हणून इथेच थांबते.

आता 'बलाट्रो'.

20 फेब्रुवारी 2024 ला संगणकावर आणि 26 सप्टेंबरला मोबाइलवर आला. लोकलथंक असं टोपणनाव लावणाऱ्या कॅनडातल्या एकाच माणसाने केलेला, त्याने खरं नाव अजून सांगितलेलं नाही. पत्त्यांचा गेम आहे. नेहमीचीच 52 पानं. हातात आठ पानं येतात, त्यांतली पाचपर्यंत खाली टाकून पोकरसारखी जुळणी करायची : जोडी, दोन जोड्या, सिक्वेन्स, कलर. जुळणीला काही गुण आणि एक गुणक. दोन्हींचा गुणाकार ही त्या हाताची कमाई. सामन्यात असे मोजकेच हात मिळतात, त्यांची बेरीज ठरलेल्या आकड्यापर्यंत गेली तर पुढे, नाहीतर डाव मोडला. आठ फेऱ्या, प्रत्येकीत तीन सामने, तिसऱ्याला काहीतरी अट. मधल्या दुकानात जोकर विकत घ्यायचे. असे 150 जोकर आहेत आणि प्रत्येकजण हिशेबाचा नियम थोडा वाकवतो.

माझ्या घरात पत्ते म्हणजे आबांची मक्तेदारी. वय शहात्तर, मेंढीकोटात कुणाकडे कोणतं पान राहिलं हे त्यांना आजही पाठ असतं. मी खेळत असताना एकदा मागे येऊन उभे राहिले. माझ्याकडे बदामचा कलर होता : दुरी, पंजी, सत्ती, नश्शी, दश्शी. कलरचे मूळ गुण 35, पानांची बेरीज 33, झाले 68, गुणक 4. म्हणजे 272. पहिल्याच सामन्याला हवे असतात 300. मी वैतागून हातातले तीन राजे टाकून नवी पानं घ्यायच्या बेतात होते.

"अगं थांब, राजे कशाला टाकतेस? तो जोकर काय म्हणतोय ते वाच की आधी."

तो जोकर म्हणजे बॅरन. हातात न खेळता ठेवलेल्या प्रत्येक राजामागे गुणक दीडपट. आबांनी डोळे मिटले. त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, दीडकी रोज संध्याकाळी घोकून घेत. "दीडाची दीडपट सव्वादोन. सव्वादोनाची दीडपट तीन रुपये सहा आणे. त्याची चौपट साडेतेरा. अडुसष्ट गुणिले साडेतेरा..." पुढचं मी कॅल्क्युलेटरवर केलं. 918. कलर तोच, पानं तीच, नुसते राजे हातात धरून ठेवले म्हणून 272 चे 918. पडद्यावर आकडा चढत गेला आणि शेवटी त्याला ज्वाळा लागल्या. आबा खुर्ची ओढून बसले ते बसलेच.

तेव्हापासून आमच्याकडे दोन बलाट्रो चालतात, माझा लॅपटॉपवर, त्यांचा टॅबवर. मी फार नंतर शिकले ते त्यांनी आठवड्यात ओळखलं : जोकर डावीकडून उजवीकडे मोजले जातात, म्हणून गुणकात भर घालणारे डावीकडे आणि त्याला पटीने वाढवणारे उजवीकडे. उलटे लावलेत तर हातातोंडाशी आलेला डाव जातो. पैसा साठवायचंही तंत्र आहे. दर पाच डॉलरमागे एक डॉलर व्याज, कमाल पाच. त्यामुळे पंचवीसच्या खाली जाताना आबा अजूनही कचरतात.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आमच्या ओळखीत पैशांच्या रमीपायी एका घराचं सोनं गेलं. त्यामुळे पोकर हा शब्द ऐकून मीच आधी बिचकले होते. युरोपातही तसंच झालं. मार्च 2024 मध्ये तिथल्या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने हा गेम थेट अठरा वर्षांवरच्यांसाठी ठरवला, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तो निर्णय बदलून बारा वर्षं केला. मी महिनोन्‌महिने वापरून सांगते, यात खरा पैसा कुठेही नाही. एकदा विकत घेतला की संपलं, जाहिरात नाही, नाणी विकत घ्या असा तगादा नाही. आतले डॉलर डाव संपला की संपतात. ज्याने गेम बनवला त्याने तर मृत्युपत्रात लिहून ठेवलंय की बलाट्रो कधीही जुगाराच्या धंद्याला विकायचा नाही. हे वाचल्यावर मी मुलीलाही खेळू दिला.

खटकतं ते एवढंच की फोनवरची अक्षरं म्हाताऱ्या डोळ्यांना बारीक आहेत, टॅब असेल तर बरं. आणि गेम मराठीत नाही. दीडशे जोकरांची वर्णनं आबांना मी वाचून दाखवली, मग त्यांनी स्वतःची नावं ठेवली. उजवीकडच्या जोकरची नक्कल करणारा जो ब्ल्यूप्रिंट, तो त्यांचा 'कॉपीबहाद्दर'. हात एकदाच खेळू देणारी 'नीडल' ही अट त्यांना आवडत नाही. त्या सामन्यात ते आधी सगळी नको असलेली पानं बदलून घेतात, चष्मा पुसतात आणि मग एकदाच काय ते टाकतात.

अडचणीच्या आठ पायऱ्या आहेत, पांढऱ्यापासून सोनेरीपर्यंत. मी चौथीवर आहे, आबा तिसरीवर, हिरव्या. परवा सातव्या फेरीच्या शेवटच्या सामन्यात ते गेले, थोडक्यात. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. मी दिवा मालवायला गेले तर टॅबवर नवा डाव पिसून झाला होता.

"तू झोप," ते म्हणाले. "पहिल्याच हातात दोन राजे आलेत."