लवादाकडे १८ लाखांचा वाद नेला: पाचपैकी साडेतीन तारे

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं शीट मेटलचं वर्कशॉप आहे. पुण्याच्या एका गिऱ्हाईकाने पॅनेलच्या कॅबिनेटचे १८ लाख अडवले. कारण काय, तर पावडर कोटिंग पातळ आहे. पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) मागे बारीक अक्षरात लवादाचं कलम होतं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी पंचाकडे न्यायचा, म्हणून तोच रस्ता धरला.

सुरुवात फार त्रासाची. त्यांना त्यांच्याच मर्जीतला लवाद हवा होता. वादात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकट्याने लवाद नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय. तरी नावावर एकमत होईना. मग लवाद नेमून द्या म्हणून लवाद कायद्याच्या कलम ११ खाली मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला, त्यात ९ महिने गेले.

नेमलेले लवाद निवृत्त जिल्हा न्यायाधीश. गंगापूर रोडला शनिवारी सुनावणी, आणि दिलेल्या वेळेला सुरू. वडिलांनी जागेच्या दाव्यात सीबीएस बस स्टँडजवळच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा घेतल्या, ते मी लहानपणापासून पाहिलंय. इथे साहेब स्वतः वर्कशॉपवर आले. दोन्हीकडच्या इंजिनिअरांसमोर मीटर लावून कोटिंग मोजलं. ६० मायक्रॉन ठरलं होतं. एक लॉट कमी भरला, बाकीचे बरोबर. त्या लॉटचे पैसे वजा करून उरलेले व्याजासकट द्या, असा निवाडा झाला. दावा-जबाब पूर्ण झाल्यापासून कायद्याने १२ महिने दिलेत, आमचं १० महिन्यांत आटोपलं.

फी मात्र जड. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीप्रमाणे धरली: १८ लाखांवर ९०,५०० आणि एकच लवाद म्हणून २५ टक्के जादा, म्हणजे १,१३,१२५. निम्मी माझ्याकडे, वकील वेगळा. पाच लाखांच्या आत कितीही रक्कम असली तरी याच हिशोबाने ५६,२५० होतात. दोन लाखांच्या थकबाकीसाठी या वाटेला जाऊ नका.

डायचा (साच्याचा) खर्च साहेबांनी नाकारला, तो मला अजून पटलेला नाही. पण त्यावर दाद नाही. निवाडा रद्द करायचा अर्ज कलम ३४ खाली होतो, पण त्यात कोर्ट पुरावे नव्याने तपासत बसत नाही. समोरच्यांनी तीन महिन्यांची मुदत संपता संपता तोच अर्ज टाकला. २०१५ च्या दुरुस्तीपासून नुसत्या अर्जाने वसुली थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. ती देताना कोर्टाने त्यांना निम्मी रक्कम भरायला लावली.

आता पीओ आला की आधी मागची बाजू वाचतो. परवा एकाने लवादाचं स्थान चेन्नई लिहिलं होतं. ते खोडून 'नाशिक, एकच लवाद, दोघांच्या संमतीने' असं लिहून परत पाठवलंय.