दोन उपासना की एकच? मिरजेतल्या एका मंडळीचा अनुभव

ख्रिस्ती मंडळीत मराठीबरोबर हिंदी, मल्याळी, कन्नड बोलणारी घरं असली की पंचांच्या बैठकीत हा विषय निघतोच. भाषेप्रमाणे उपासना वेगळ्या ठेवायच्या, की सगळ्यांची एकच? मिरजेत १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांचं इस्पितळ उघडलं, तेव्हापासून रुग्णसेवेच्या निमित्ताने लांबची माणसं इथे येत आली. कर्नाटक तर शेजारीच. १९७० मध्ये नागपुरात सहा पंथ एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यामुळे पंथाचा प्रश्न आमच्याकडे मागे पडला. उरला तो भाषेचा. आम्ही आधी वेगळ्या उपासना केल्या, आता एकत्र करतो.

वेगळ्या उपासनेची बाजू लंगडी नाही. दुःखातल्या माणसाला प्रार्थना आईच्याच भाषेत सुचते. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, यरुशलेमेत जमलेल्या प्रत्येकाने शिष्यांचं बोलणं आपापल्या भाषेत ऐकलं, हेही खरंच. शिवाय उपदेश सलग होतो. एकत्र उपासनेत वाक्यागणिक भाषांतर सुरू झालं की वीस मिनिटांचे चाळीस होतात आणि लेकरं बाकावर आडवी होतात.

तरी माझं मन फिरलं ते एका सूचनेमुळे. आमची उपासना सुटायची तेव्हा हिंदीची मंडळी फाटकाशी थांबलेली असायची. आम्ही बाहेर, ती आत. मध्ये एक ‘सलाम’. बरीच वर्षं हेच चाललं. एका पावसाळ्यात त्यांच्यातल्या एका नर्सबाईंची आई वारली. सूचना त्यांच्याच उपासनेत वाचली गेली. बाई माझ्यापासून तिसऱ्या गल्लीत राहतात आणि मी त्यांच्या दारी गेलो नवव्या दिवशी. त्यांनी चहा केला, तक्रार केली नाही. ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली, असं बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात आम्ही दरवर्षी वाचत होतो. आमच्या वेळापत्रकाने ती पुन्हा उभी केली होती.

एकत्र आल्यावर उपदेशाचं भाषांतर आम्ही बंद केलं. पाळकसाहेब सोप्या मराठीत बोलतात, आरंभी हिंदीत थोडक्यात सार सांगतात. वचन दोन भाषांत वाचतो, प्रार्थना ज्याची त्याच्या भाषेत. गाण्यांची धास्ती होती, पण नारायण वामन टिळकांच्या भजनांनी ती घालवली. ध्रुपद पुन्हापुन्हा येतं, तबला-पेटीवर तिसऱ्या खेपेला केरळची माणसंही सूर धरतात. आता एखाद्या रविवारी मल्याळी गीत असतं, तेव्हा अडखळण्याची पाळी आमची. ती यायलाच हवी.

मात्र गाणी त्यांची आणि कारभार आमचा, अशी एकी करू नका. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ग्रीकभाषी विधवांना रोजच्या वाटपात डावललं गेलं, तेव्हा वाटप पाहायला निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक होती. आमच्याकडे अर्पणाचा हिशेब आणि चावी आता त्या नर्सबाईंकडे आहे. माझ्या मते खरा फरक त्यानेच पडला.

तुमच्याकडे एकच भाषा समजणारी म्हातारी माणसं जास्त असतील, तर कदाचित वेगळ्या उपासनाच बऱ्या. मग निदान सूचना दोन्हीकडे वाचा. मरणाची तर त्याच दिवशी.