तीन घळयांचे पैसे, अडीच घळयांची सफर

चीनमधल्या यांगत्से नदीवरच्या क्रूझचं पॅकेज घ्यायला गेलात तर केबिन, बाल्कनी, जेवण हे सगळं नंतर विचारा. आधी विचारा, जहाज शेवटी लागतं कुठे? माओपिंगला की यिचांगला? आमच्या ठाण्याच्या एजंटाच्या पत्रकात ठळक अक्षरांत होतं: 'चोंगचिंग ते यिचांग, तिन्ही घळया, अजस्र धरण लॉकमधून पार'. आमचं जहाज लागलं माओपिंगला. यिचांगला नेलं ते बसने.

फरक काय ते नकाशावर बोट ठेवून बघा. चोंगचिंगहून प्रवाहाबरोबर खाली येताना आधी छुथांग लागते, मग वू आणि शेवटी शीलिंग. छुथांग जेमतेम 8 किलोमीटरची, पण सगळ्यात अरुंद आणि देखणी. वू 45 किलोमीटरच्या आसपास. शीलिंग तिघींत लांब, आणि थ्री गॉर्जेस धरण बांधलंय तेच मुळी शीलिंगच्या मध्यावर. माओपिंग धरणाच्या वरच्या अंगाला येतं. म्हणजे तिथे उतरलात की धरणाखालची अर्धी शीलिंग गेली, लॉकही गेले. पाच टप्प्यांचे ते लॉक म्हणजे जहाजांचा जिनाच. फाटकं बंद होतात, पाणी उतरतं, जहाज एक पायरी खाली जातं. पाच पायऱ्या उतरायला तीन-चार तास लागतात. आमचे 'हे' जन्मभर पाटबंधारे खात्यात होते. त्यांना डोंगर-बिंगर नको होते, ते लॉक बघायलाच आले होते.

पुष्कळ क्रूझ माओपिंगलाच संपतात. त्यात गैर काही नाही, तसं सांगून विकलं तर. आमचा एजंट मात्र, "काकू, सगळं इन्क्लुडेड आहे, तुम्ही फक्त बॅगा भरा," एवढंच म्हणत राहिला. जहाजावर गाइडला विचारलं तेव्हा तो म्हणाला, लॉक नाहीत, पण 2016 साली जहाजांची लिफ्ट सुरू झालीय, हवी असेल तर छोट्या बोटीतून नेऊ, माणशी 300 युआन. लिफ्ट खरी आहे आणि अफाट आहे. पाण्याने भरलेल्या हौदात तीन हजार टनांपर्यंतचं जहाज तरंगत ठेवून हौदासकट वर-खाली नेतात, चढ-उतार जास्तीत जास्त 113 मीटर. 'हे' लहान मुलासारखे बघत होते. पण पैसे दोनदा गेले ते गेलेच.

त्याआधी झालं ते डेकचं. छुथांगच्या तोंडाशी ख्वेमेन म्हणून जागा आहे, दोन्ही बाजूंनी कडे इतके जवळ येतात की नदी दारातून आत शिरल्यासारखी दिसते. चीनच्या दहा युआनच्या नोटेवर मागे हेच चित्र आहे. आदल्या रात्री गाइडने सांगितलं, पुढच्या डेकचं तिकीट वेगळं, माणशी 100 युआन. आपल्या मजल्यावरून दिसेल, पण एकाच बाजूचं. दहाच्या नोटेवर छापलेलं दृश्य बघायला तसल्या दहा नोटा. दिल्या. न देऊन सांगता कोणाला? खाली उतरायला जागा नाही आणि घळई अर्ध्या तासात मागे पडते. लोकांना आधी भर नदीत आणायचं आणि मग दर सांगायचा, अशी ती रीत. पॅकेज घेताना 'सगळे डेक खुले' हे ईमेलवर लिहून घ्या. पत्रकाला अर्थ नाही, त्यात खाली बारीक अक्षरांत 'बदल संभवतो' असतंच.

पैसे देण्याची पद्धत हा आणखी एक सापळा, आणि तो खास आपल्यासाठी. तिकडे भाजीवालीसुद्धा फोनवरचा क्यूआर पुढे करते. असे पैसे भरायच्या वीचॅट या चिनी ॲपवर आपल्याकडे 2020 पासून बंदी, त्यामुळे त्याची सोय इथून करून निघता येत नाही. गाइड म्हणाला, तुमच्या नोटा कोण सुटे करून देणार, माझ्याकडे द्या, मी फोनवरून भरतो. चहा असो, फळं असोत, वाटेतल्या वूशानला उपनदीवरच्या 'धाकट्या तीन घळयां'ची बोट असो, सगळं त्याच्या फोनवरून. बोटीच्या खिडकीवर छापलेला दर आणि त्याने आमच्याकडून घेतलेले पैसे यांत माणशी 60 युआनचा फरक निघाला. भाऊजींनी दराच्या पाटीचा फोटो काढला होता म्हणून कळलं. विचारल्यावर तो 'सर्व्हिस' म्हणाला आणि हसला. यावर उपाय सोपा आहे. रोख चीनमध्ये चालते, कायद्याने चलन नाकारता येत नाही. निघतानाच सुटे युआन घेऊन जा आणि स्वतः मोजून द्या.

या सगळ्याचं मला फार वाटलं नाही. पर्यटक आणि गाइड, जगभर हेच. पुढचं मात्र अजून जिव्हारी आहे.

धरणामुळे 13 लाखांच्या आसपास माणसं उठली. जुनं वूशान, जुनं फंगज्ये पाण्याखाली आहे, वर डोंगरावर दिसतात ती नवी शहरं, पांढऱ्या उंच इमारतींची. 2003 साली पाणी 135 मीटरवर नेलं, 2010 मध्ये 175 वर. काठाच्या उतारांवर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पाट्या आहेत. जाऊबाई त्या पाट्यांकडे गप्प बघत उभ्या होत्या. त्यांचं माहेरचं गाव कोयनेत गेलं, शिवसागराच्या तळाशी आहे. तेव्हा त्या तान्ह्या होत्या, पण त्यांच्या आईने शेवटपर्यंत त्या गावचं बोलणं सोडलं नाही. हे त्यांनी गाइडला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यानेही, माझी आजी जुन्या फंगज्येची, म्हणून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी बस एका शोरूमपाशी थांबली. कार्यक्रमात नव्हती ती. ही विस्थापित बायकांची सोसायटी, गाइड म्हणाला, रेशमाच्या दुलया त्या हाताने भरतात, पैसे थेट त्यांना जातात. दोन बायका कोशातून रेशीम ओढून दाखवत होत्या, ते खरंच होतं. जाऊबाईंनी 2,400 युआनची दुलई घेतली. एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारी बाई, तिथे भाव केला नाही.

घरी आल्यावर भाचीने फोन धरून लेबल वाचलं. कारखाना चच्यांग प्रांतातला, घळयांपासून शेकडो कोस दूर. मग आतला एक धागा काढून जाळला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि चिमटीत राख होते. हा वितळला आणि कडक काळी गोळी झाली. पॉलिएस्टर. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. पैशांचं त्यांनी आजवर काढलेलं नाही, "आजीचं तरी खरं असेल का गं?" एवढंच मला एकदा विचारलं.

चीनचा पर्यटन कायदा 1 ऑक्टोबर 2013 पासून लागू आहे. कमी भावाचं आमिष दाखवून दुकानात नेणं आणि त्यावर दलाली खाणं त्याच्या 35व्या कलमाने बंद केलंय. तसं झालं तर सहल संपल्यापासून 30 दिवसांच्या आत माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला कंपनीला सांगता येतं, जादा घेतलेल्या सफरींचेही. आम्ही कळवलं तोवर सहावा आठवडा चालू होता. परदेशातून आणलेली वस्तू कपाटात ठेवू नका, त्याच आठवड्यात उघडून बघा.

इथला एजंट म्हणाला, तिकडच्या कंपनीशी बोला. तिकडची कंपनी म्हणाली, तुमचा करार एजंटाशी. यावर आपल्याकडे वाट आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेच तक्रार करता येते, एजंटाच्या किंवा जहाजाच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन केला तर कागद कोणते लागतील तेही सांगतात. आम्ही पत्रक, बँकेचे व्यवहार, भाऊजींनी काढलेला पाटीचा फोटो आणि माओपिंगच्या बसचं तिकीट जोडलं. एजंटाच्या वकिलाचं उत्तर आलंय: 'पर्यटकांना तिन्ही घळयांच्या परिसरात नेण्यात आले.' पुढची तारीख पडली आहे. 'हे' नकाशाची मोठी प्रत काढून त्यावर लाल पेनाने धरण, माओपिंग आणि शीलिंगचं खालचं टोक दाखवून बसलेत.