1930 ची महामंदी की 2008 ची? प्रोजेक्टचा विषय ठरवण्याआधी

मंदीचा देशादेशांतल्या संबंधांवर परिणाम, हा विषय एमएला नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या निबंधाला हमखास येतो आणि मग पोरं अडतात की महामंदी घ्यायची का 2008. मी दोन्हींवर वर्षानुवर्षं वाचतोय आणि मुलांशी यावर कितीतरी वेळा बोललोय, तर माझं मत सांगतो.

महामंदीचा मोठा फायदा म्हणजे कोणी कोणाचं काय बिघडवलं ते तारखांसकट दिसतं. जून 1930 मध्ये अमेरिकेत आयातीवरचे कर वाढवणारा स्मूट-हॉली कायदा आला, हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञ राष्ट्राध्यक्ष हूव्हरना सही करू नका म्हणत होते तरी सही झाली, कॅनडाने लगेच उलट टॅरिफ लावले, 1931 ला ब्रिटनने आपल्या चलनाचं सोन्याशी नातं तोडलं आणि 1932 ला कॅनडातल्या ओटावात ब्रिटिश साम्राज्यापुरती वेगळी करसवलत ठरवून टाकली. जानेवारी 1929 ला महिन्याला जेवढा जागतिक व्यापार होत होता, त्याची किंमत डॉलरच्या हिशेबात चार वर्षांत एक तृतीयांशावर आली. 1933 ला लंडनमध्ये सगळे देश बसले खरे, पण अमेरिकेचे नवे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी चलनं स्थिर करायला नकार दिला आणि परिषद तिथंच बसली.

आणि यातलं एक प्रकरण तर थेट आपलं आहे. स्वस्त जपानी कापड मुंबईच्या गिरण्यांना जड जात होतं, म्हणून 1933 मध्ये भारत सरकारने ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावर 75 टक्के ड्युटी लावली, ब्रिटिश साध्या कापडावर मात्र 25. जपानी गिरण्यांनी काय केलं, तर भारताचा कापूसच घ्यायचा बंद केला! वऱ्हाड-खानदेशासारख्या भागातल्या आखूड धाग्याच्या कापसाचं जपान मोठं गिऱ्हाईक, म्हणजे संरक्षण मिळालं गिरणीला आणि फटका बसायची वेळ आली शेतकऱ्यावर. शेवटी 1934 चा करार झाला, जपानने 10 लाख गाठी घेतल्या तर 32.5 कोटी यार्ड कापड भारतात येणार, गाठींना बांधलेले यार्ड! दोन देशांचं नातं मंदीत कुठपर्यंत येतं ते मला याच्याइतकं स्वच्छ कुठेच दिसलं नाही.

2008 ची गोष्ट वेगळी, इथे भांडणं झाली पण घर मोडलं नाही. लेहमन ही अमेरिकेची बडी बँक सप्टेंबरमध्ये बुडाली आणि दोन महिन्यांत जी-20 या मोठ्या अर्थव्यवस्थांच्या गटाचे नेते वॉशिंग्टनला एकत्र बसले, अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, दुसऱ्या देशांच्या मध्यवर्ती बँकांना डॉलर पुरवले, 1930 च्या मंदीत असा शेवटचा सावकार, म्हणजे कोणीच देत नसताना कर्ज देणारा, कोणी झालाच नव्हता. माझ्या मते खरा फरक हाच, मंदीची खोली हा नाही. पण सगळं गोडगोड होतं असं लिहू नका. ऑक्टोबर 2008 मध्ये ब्रिटनने आइसलंडच्या लँड्सबांकी या बुडालेल्या बँकेची मालमत्ता दहशतवादविरोधी कायद्याखाली गोठवली, ब्रिटिश ट्रेझरीच्या वेबसाइटवर त्या बँकेचं नाव अल-कायदा, तालिबान असलेल्या यादीत झळकलं. दोघं नाटोतले मित्रदेश बरं का. आइसलंडमधल्या सामान्य माणसांना ते किती लागलं असेल विचार करा, त्या बँकेत ब्रिटन-नेदरलँड्सच्या ठेवीदारांचे पैसे अडकले होते, 2010 च्या सार्वमतात ते फेडायच्या अटी त्यांनी 90 टक्क्यांहून जास्त मतांनी फेटाळल्या. कर्जात बुडालेला ग्रीस आणि काटकसरीच्या अटी घालणारी जर्मनी, यांचं भांडण तर सगळ्यांना माहितीच आहे.

आता दोन्हीकडचे खड्डे. महामंदी घेतली की मुलं मांचुरिया (जपानने 1931 ला घेतलेला चीनचा ईशान्य भाग), हिटलर सगळं मंदीच्या खात्यावर टाकतात. अमेरिकेत जपानी रेशमाचा भाव कोसळला आणि जपानमधला शेतकरी मेटाकुटीला आला हे खरंय, पण मांचुरियावर जपानी लष्कराचा डोळा त्याच्या आधीपासून होता. 2008 घेतली की 2016 च्या ब्रेक्झिटपर्यंत उडी मारायचा मोह होतो, मधले दुवे दाखवता येत नाहीत आणि तोंडीला तिथेच गाडी अडते.

मग घ्यायचं काय? दोन-तीन महिनेच असतील आणि मराठीतून लिहायचं असेल तर 1933-34 चं कापूस-कापड प्रकरणच घ्या, छोटं आहे आणि शेतकरी, गिरणी, साम्राज्य, परदेश सगळे त्यात येतात. वेळ जास्त असेल आणि बँकिंग कळत असेल तर आइसलंड. दोन्ही मंद्या एकाच प्रोजेक्टमध्ये कोंबणार असाल तर निदान सोन्याचा धागा धरा: 1931 नंतर अडलेल्या भारतीय शेतकऱ्यांनी विकलेले दागिने मुंबई बंदरातून बाहेर गेले आणि 2009 मध्ये त्याच देशाच्या रिझर्व्ह बँकेने नाणेनिधीकडून 200 टन सोनं विकत घेतलं.