लारेसच्या डोंगरातले पूर्वज: फॅमिलीसर्चचा पोर्तो रिको संग्रह कितपत कामाचा?

लारेस हे पोर्तो रिको या कॅरिबियन बेटाच्या डोंगराळ भागातले कॉफीचे गाव. तिथले मूळ शोधणाऱ्याने पैसे भरायच्या साइट नंतर बघाव्यात. फॅमिलीसर्च या वंशावळ शोधण्याच्या साइटवरचा नागरी नोंदणीचा (जन्म, विवाह, मृत्यू) संग्रह फुकट आहे, फक्त खाते उघडावे लागते. नोंदवह्यांच्या प्रतिमा उत्तम. शोधसूचीवर मात्र विसंबू नका.

बेटावर नागरी नोंदणी १८८५ साली सुरू झाली. खरे धन जन्मनोंदीत आहे. आईवडिलांच्या नावांनंतर ‘निएतो पोर लिनेआ पातेर्ना’ (वडिलांच्या बाजूने नातू) हे स्पॅनिश शब्द शोधा: तिथून वडिलांकडचे आजी-आजोबा, पुढे आईकडचे. एका पानात तीन पिढ्या! आपल्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत मुख्यतः पुरुषांची ओळ लागते. इथे दोन्ही आज्यांची माहेरची आडनावेही हाती येतात.

पूर्ण नाव टाकून शोध बहुतेकदा फसतो. व-ब, स-झेड यांची अदलाबदल नित्याची, शब्दारंभीचा मूक एच गळतो, आणि वडिलांचे व आईचे अशा दोन आडनावांपैकी सूचीत कधी एकच चढलेले असते. पहिले नाव आणि आईचे आडनाव एवढेच द्या, शंकेच्या अक्षरांजागी तारांकन टाका. तरीही नाही मिळाले तर गाव, नोंदीचा प्रकार, वर्ष असे निवडून थेट पाने चाळा. वहीच्या शेवटी बऱ्याचदा हस्तलिखित नामसूची असते. तारखा अक्षरी लिहिलेल्या असतात, आणि वरची तारीख नोंदणीची असते, जन्माची नव्हे. दोन्हींत बरेच अंतर असू शकते.

‘इहो नातुराल’ म्हणजे अविवाहित आईबापांचे मूल. अशा नोंदीत बहुधा फक्त आईकडची माहिती मिळते. बापाने नंतर मूल स्वीकारले असेल तर ते समासात लिहिलेले सापडू शकते, म्हणून समास वाचल्याशिवाय पान उलटू नका.

१८८५ च्या मागे चर्चच्या वह्या. लारेस १८२७ साली सान सेबास्तियानपासून वेगळे झाले, त्याआधीचे बाप्तिस्मे तिथे शोधायचे. कास्तान्येर तर लारेस, आदहुंतास, मारिकाओ आणि याउको यांच्या सीमेवर, त्यामुळे एकाच घरातल्या भावंडांच्या नोंदी वेगवेगळ्या गावांत निघू शकतात. गोऱ्यांच्या आणि ‘पार्दो’ म्हणजे मिश्रवर्णीयांच्या वह्या दीर्घकाळ वेगळ्या होत्या, दोन्ही बघा. गुलामगिरी २२ मार्च १८७३ रोजी संपली. गुलाम पूर्वजांसाठी त्याआधीची गुलाम-नोंदणी पुस्तके याच साइटवर आहेत. डोंगरात चुलत-मावस नात्यांत लग्ने फार. चर्चच्या विवाहनोंदीत त्यासाठी घेतलेल्या परवानगीचा, ‘दिस्पेन्सा’चा, उल्लेख असला तर गुंतलेले नाते पक्के ठरवता येते.

१८९९ नंतर एखादे कुटुंब एकाएकी गायब झाले तर आधी त्या वर्षीच्या मृत्यूनोंदी बघा: ८ ऑगस्टच्या सान सिरियाको वादळाने कॉफीचे मळे उद्ध्वस्त केले. पुढच्या दोन वर्षांत बेटावरची हजारो माणसे हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेली. तोवर बेट अमेरिकेकडे आले होते, म्हणून बेटावर राहिलेल्यांसाठी १९१० आणि १९२० ची अमेरिकी जनगणना उपयोगी. त्यात ‘बार्रिओ’, म्हणजे वाडी, कळते.

प्रतिमा उतरवताना वर्ष, पान आणि नोंद क्रमांक फाइलच्या नावातच लिहा, कारण एकाच नावाची चार माणसे एकाच बार्रिओत हमखास निघतात.