दुकानाच्या पाटीसाठी मोदक घ्यावा की बलू?

गोल टोकांचं, गुबगुबीत, ठळक देवनागरी अक्षर हवं असेल आणि परवान्याची कटकट नको असेल, तर फिरून फिरून दोनच फॉन्ट समोर येतात: मोदक आणि बलू. दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, दोन्ही गुगल फॉन्ट्सवर आणि दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली, त्यामुळे पाटीवर, पिशवीवर, डब्याच्या लेबलवर बिनधास्त वापरा. कुणीतरी पॉपिन्सचंही नाव काढतंच. वर्तुळाच्या शिस्तीत तो देखणा आहे, पण त्याच्या रेषांची टोकं सरळ कापलेली आहेत. सीएच्या ऑफिसला शोभेल. खाण्याच्या दुकानाला मला तो जरा कोरडा वाटतो.

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरच्या लाडवांच्या दुकानाची पाटी नव्याने करायची होती. महाराष्ट्राच्या दुकानांच्या कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती आणि मराठी पाट्या लावायला सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेली दोन महिन्यांची मुदत, यानंतर पुण्यात बऱ्याच जणांनी पाट्या बदलल्या. मराठी अक्षर आता इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. मग इंग्रजी नाव मोठं आणि खाली कोपऱ्यात मराठी, ही सोय संपली. फार बरं झालं. देवनागरीचा फॉन्ट त्यामुळे मन लावून निवडावा लागतो.

मोदक पहिल्या नजरेतच आवडतो. एरवी जाड अक्षर काढताना पोटातली पोकळी वाचवायची म्हणून रेषा कुठेतरी बारीक करावी लागते. मोदकात ती पोकळीच एका बारीक चिरेवर आणून ठेवली आहे. सगळं अक्षर भरीव, आणि आत केसासारखी फट, जी सांगते की रेषा इथून वळली. 'ळ' किंवा 'क्ष' मोठा करून पडद्यावर पाहा, हे किती जोखमीचं काम आहे ते कळेल. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी ते ज्या निगुतीने केलंय, त्याला माझा मनापासून सलाम आहे.

माझं घोडं अडलं ते 'ष'वर. आमच्या पाटीवर 'पौष्टिक' हा शब्द हवाच होता. देवनागरीत 'प' आणि 'ष', 'व' आणि 'ब' यांच्यात फरक काय, तर पोटातली एक तिरपी रेघ. मोदकात त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना उरतात त्या फक्त फटी. कागदावर जवळून सगळं छान दिसतं. पण आमची पाटी आतून दिवा लागणारी, गडद मरून पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं. नमुन्याचा तुकडा दिव्यावर लावून समोरच्या फुटपाथवरून पाहिला. उजळलेल्या पांढऱ्याचा प्रकाश कडेने पसरतो आणि आतली गडद फट गिळून टाकतो. लांबून 'पौप्टिक' वाचलं जात होतं. काचेवर लावायच्या स्टिकरचीही तीच गत. रेडियमवाल्याने कटिंग काढलं, पण फटीतली ती बारीक पट्टी सोलताना तुटत होती, नाहीतर शेजारचा काठ उचलत होती.

कदाचित आमची गल्ली अरुंद, दिवा प्रखर, म्हणूनही असेल. लक्ष्मी रोडवर एखाद्याची पाटी चांगली उंच-रुंद असेल तर मोदक तिथे बिनतक्रार चालेलही.

बलू तेवढा लाडिक नाही. पण त्याच्या 'ष'चं पोट उघडं राहतं, आणि रात्री मला तेच हवं होतं. शिवाय मोदक एकाच जाडीत येतो. बलू २, म्हणजे बलूची नवी आवृत्ती, पाच जाड्यांत आहे, ४०० पासून ८०० पर्यंत. नाव सगळ्यात जाड घेतलं, खालची 'डिंक, अळीव, मेथी' ही ओळ मध्यम जाडीत; दोन्ही एकाच घरातल्या दिसतात. लॅटिन अक्षरंही त्याच वळणाची असल्याने इंग्रजी ओळ परकी वाटत नाही. इतर भारतीय लिप्यांतली भावंडंही आहेत, गुजराती बलू भाई, गुरुमुखी बलू पाजी, कन्नड बलू तम्मा. ही नावं देणाऱ्याचं मला कौतुक वाटतं.

ॲक्रिलिकची उठावाची अक्षरं करणार असाल तर गोल टोकांचा आणखी एक फायदा. राउटरचं, म्हणजे अक्षरं कापणाऱ्या यंत्राचं, पातं गोल फिरतं, त्यामुळे आतला काटकोन ते कधीच टोकदार कापू शकत नाही. गोल वळणाचं अक्षर मात्र बरंचसं जसं काढलं तसं उतरतं. हे दोन्ही फॉन्टना लागू आहे, फक्त मोदकाची फट पात्याच्या जाडीपेक्षा बारीक असेल तर ती कापलीच जाणार नाही.

गणेश मंडळाचा बॅनर, मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, एकच मोठा शब्द, दिवसाउजेडी बघायचा, अशा कामाला मी आजही मोदकच सांगेन. आमच्या कागदी पिशवीवरचा 'लाडू' मोदकातलाच आहे. रोज संध्याकाळी उजळणाऱ्या पाटीला मात्र बलू २, एक्स्ट्राबोल्ड. तुमच्या नावात 'ब', 'ष' किंवा 'ष्ट्र' असेल तर फारसा विचारही करू नका. आणि फ्लेक्सवाल्याला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे मजकुराचे आकार बनवूनच द्या, जुन्या कोरल ड्रॉमध्ये युनिकोडची जोडाक्षरं सुटी होतात.